एकवीस दिवसांची ऊब

"मावशी, अशा शंभर जणांतले अठराच शुद्धीवर येतात." कॉम्प्युटरनं वर्तवलेला आकडा डॉक्टरबाईंनी जमेल तितक्या हळुवारपणे सांगितला. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार बसलेला मावशींचा मुलगा सहा दिवस मशीनच्या श्वासावर होता. "नळी काढायची का, ते तुम्ही ठरवा. या कागदावर सही लागेल."

आईनं कागदाकडे पाहिलंही नाही.

"बाई, खुडूक कोंबडी मी अंड्यांवर बसविते. कडक उन्हाळ्यात वीस अंड्यांतून चारच पिल्लं निघत्यात, हे मलाबी ठावं हाय. पण कंची चार, ते आधी कळलं असतं, तर बाकीची तव्यावर टाकली नसती का? म्हणून एकवीस दिवस समद्यांस्नी ऊब द्यायची."

"आणि कोंबडी मधेच उठली तर?"

"मग ती चारबी जात्यात. अन् लोक म्हणत्यात, अंडीच खराब हुती."

निघायला उठलेल्या डॉक्टरबाई पुन्हा बसल्या. शुद्धीवर न आलेल्या ब्याऐंशी जणांपैकी किती जणांची नळी अशी मधेच काढली होती, हे कॉम्प्युटरला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. अजून पंधरा दिवस होते.