पितांबराच्या रंगाची गाडी

चावी फिरवली की आतून नुसतं 'टक' व्हायचं आणि पुढचे दिवे मान टाकायचे. निशिगंधाने पुन्हा फिरवली. पुन्हा टक.

जोहे गावातल्या त्यांच्या मूर्तींच्या कारखान्यासमोर ती जुनी पिकअप उभी होती. मागच्या हौद्यात पेंढ्यावर गणपती बसले होते, रोह्याजवळच्या अष्टमी गावाला निघालेले. चाकापुढे नारळ फुटला होता, मोरयाचा गजर झाला होता. सगळं यथासांग पार पडलं होतं, गाडी तेवढी निघत नव्हती.

सासरे जनूआबा पायरीवर बसून बघत होते. गाडी घ्यायचा हट्ट निशिगंधाचा. दरवर्षी आबांच्या पुतण्याच्या, हर्षदच्या टेम्पोची वाट बघायची, त्याच्या सोयीने मूर्ती पाठवायच्या आणि गिऱ्हाइकांची बोलणी आपण खायची, याला ती विटली होती. आबांचं मत मात्र पहिल्या दिवसापासून पक्कं होतं, की हे भंगार आहे. आज रोह्याची फेरी झाली नाही तर गाडी भंगारवाल्याला देऊन टाकायची, असं त्यांनी सकाळीच रंगकाम करणाऱ्या सगळ्या बायकांसमोर सांगितलं होतं. आबा एकदा बोलले की बोलले.

एरवी दहा फोन केल्याशिवाय न उगवणारा हर्षद आज न बोलावता टेम्पो घेऊन हजर होता. बॅटरी उतरली, असं त्याने सांगितलं आणि मोठ्या मनाने टेम्पोच्या बॅटरीच्या वायरी पिकअपच्या बॅटरीला जोडून दिल्या. टक. मग त्याने स्टार्टर गेल्याचं जाहीर केलं, डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात तशा आवाजात. गाडी ढकलायचा तर प्रश्नच नव्हता. एका हिसक्यात किती सोंडा आणि किती हात गेले असते कोण जाणे.

कारखान्यातून निघालेला गणपती परत आत न्यायचा नाही आणि वाटेत जमिनीला टेकवायचा नाही, हा या घराचा रिवाज. म्हणून आबांनी हर्षदला टेम्पो मागे घेऊन पिकअपच्या पाठीला पाठ लावायला सांगितलं. मूर्ती हातोहात इकडून तिकडे सरकवायच्या.

"राहू दे गो आता," ते निशिगंधाला म्हणाले. "झाली ना हौस?"

हौस हा शब्द तिला झोंबला. डोळ्यांत पाणी आलं, त्याहून जास्त राग आला. तिने बॉनेट उघडलं आणि आत बघत उभी राहिली. दोन दोन बॅटऱ्या लावून तेच होतंय, म्हणजे दोष बॅटरीत नाही. काल दुपारी गाडी फर्स्ट क्लास चालत होती. तेव्हापासून तिला हात लागला तो फक्त रंगाचा.

रंगाच्या बाबतीत आबांची शिस्त कडक. मूर्तीची पाठ भिंतीकडे जाणार असली तरी ती रंगवायची. बैठकीची खालची बाजू कोणी बघणार नसलं तरी तिथेही हात मारायचा. कुठे कोरा ठिपका दिसला की आबा मूर्ती परत पाठवत. निशिगंधा लग्न होऊन आल्यावर हे काम याच शिस्तीत शिकली होती आणि काल गाडीवरही तिने तेच केलं होतं. गणपतींच्या पितांबराचा उरलेला पिवळा रंग स्प्रेगनमध्ये भरून तिने गाडी बाहेरून रंगवलीच, शिवाय बॅटरी काढून तिच्याखालचा गंजका पत्राही रंगवला. मग वाळल्यावर सगळं होतं तसं घट्ट आवळलं.

तिने पाना घेतला. बॅटरीची काळी वायर जिथे गाडीच्या पत्र्याला बसते तिथला नट सोडवला आणि वायर बाजूला केली. खाली पिवळाधमक रंग होता, एकसारखा, कुठेही कोरा न सोडलेला. आबांनी पाहिला असता तर पाठ थोपटली असती. करंट जायच्या वाटेवरच तिने इतका सुबक थर बसवला होता की तिला हसूच आलं.

"सरूताई, पॉलिशपेपर दे गो जरा."

रंगकामातल्या सरूने दिलेला, मूर्ती घासायचा तो कागद घेऊन ती पत्रा घासायला लागली. काल जीव लावून मारलेला रंग आज तितकाच जीव लावून काढत होती. तोवर टेम्पो पिकअपला येऊन टेकला. हर्षदने फळी उघडली. खालचं लोखंड चकचकीत दिसल्यावर तिने वायर परत बसवून नट आवळला. हर्षदने पहिल्या मूर्तीखाली हात घातला होता.

"थांबा भावजी," असं म्हणून ती आत बसली आणि चावी फिरवली.

गाडी खडखडली, काळा धूर सोडला आणि धडाडत सुरू झाली. बायकांनी असा काही मोरया केला की शेजारच्या कारखान्यातली माणसंही रस्त्यावर आली. निशिगंधाला आनंद कुठे ठेवू नि कुठे नको असं झालं.

हर्षद हात झटकत पुढे आला. "वयनी, आता बंद करू नका बरं. डायरेक्ट रोहा." आबांनीही मान हलवली.

निशिगंधाने गाडी बंद केली.

सरूने कपाळाला हात लावला. निशिगंधा खाली उतरली, पायरीपाशी गेली आणि चावी आबांच्या हातात दिली. "आबा, तुम्ही चालू करा."

आबांनी उभ्या जन्मात गाडी चालवली नव्हती. ते अंग चोरून सीटवर बसले, हौद्याकडे वळून हात जोडले आणि चावी फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. आबा थोडा वेळ स्टिअरिंग धरून नुसते ऐकत राहिले. मग त्यांनी आपणहून ती बंद केली. परत चालू केली. परत बंद केली.

"आबा, सरका," निशिगंधा म्हणाली. "रोह्याला जायचंय."