पान अकरा

“तुझं बरंय बाई. लेकरू झालं आन सुटलीस या पीएचडीच्या कटकटीतून,” शिल्पा म्हणाली आणि प्रबंधाचं चौथं प्रकरण तिनं वर्षाराणीच्या पुढ्यात ठेवलं. शिल्पाच्या गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र होतं. नांदेडहून लातूरला आली तरी ते काढलं नव्हतं.

विषय होता इस्लामी कायद्यातली गुलामी आणि मुक्तता. कायद्याचा जुना ग्रंथ उर्दूत. शिल्पाला उर्दू येत नव्हतं. वर्षाराणीला बिलोलीच्या आजोबांनी शिकवलं होतं. ते निजामाच्या शाळेतले. म्हणून शिल्पा झेरॉक्स घेऊन यायची. वर्षाराणी वाचून अर्थ सांगायची, शिल्पा लिहून घ्यायची.

मांडीवरच्या अमरेशला थोपटत वर्षाराणी वाचू लागली. अकराव्या पानावर तिचा हात थांबला.

‘मालकापासून मूल झालं, की दासी त्याच दिवशी मुक्त होई.’

मागच्या खेपेला ग्रंथाचा अर्थ सांगताना इथपर्यंत आल्यावर अमरेश रडत उठला होता. वर्षाराणीनं वाचलेलं ग्रंथाचं उरलेलं अर्धं पान शिल्पाला सांगायचं राहिलं होतं. शिल्पानं ते मनानंच पुरं केलं होतं.

“चुकलं का गं काही?”

“न्हाई. लई छान उतरलंय.”

सोमवारी हे गाईडसमोर जाणार होतं. त्यांना उर्दू येत होतं. त्यांच्यापुढे ओळखपत्रावर खाली झुकलेली शिल्पाची मान वर्षाराणीला आत्ताच डोळ्यांपुढे दिसली. बरं वाटलं.

“आभारात तुझं नाव घालते की,” कागद पिशवीत भरत शिल्पा म्हणाली. “घरगुती सहकार्य म्हणून.”

“वर्षाराणी, लेकराच्या दुधाचं बघ गं!” आतून सासूबाई ओरडल्या.

“आले, आत्याबाई.”

शिल्पा फाटकापाशी पोचली. वर्षाराणी दूध सोडून, अमरेशला कडेवर घेऊन मागोमाग आली.

“शिल्पे, थांब. पान अकरा काढ. लगेच सुटत नसती ती.”

“आँ? मंग?”

“तिला विकता येत न्हाई, एवढंच. मालक मेल्यावर सुटती.”

“आगं बाई! आन लेकरू?”

“ते जन्मापासूनच मोकळं.”

शिल्पानं घाईघाईनं पेन काढलं. वर्षाराणीनं ते तिच्या हातातून घेतलं आणि अमरेशला तिच्या कडेवर दिलं. फाटकाच्या खांबावर कागद धरून ती चुकीची ओळ खोडून नवी लिहू लागली.

अमरेशनं भोकाड पसरलं. वर्षाराणी लिहीत राहिली.