उन्हातला दोर

नवरा दोर खांद्यावर टाकून कामावर गेला आणि तिने मोकळा श्वास घेतला. ऐन उन्हाळ्यात चार महिने काम बंद होतं. ते चार महिने तिने तो निळा दोर रोज सकाळी गच्चीच्या कठड्यावर पसरला, दुपारी उलटला, संध्याकाळी गुंडाळून ठेवला. शेजारीण म्हणायची, "नवऱ्याच्या वस्तूची काळजी घ्यावी तर हिनंच!"

नवरा उंच इमारतींना बाहेरून रंग द्यायचा. दोराला लटकून. जोडीला सुरक्षेचा दुसरा दोर बांधायचा असतो, पण ते भित्र्यांचं काम, असं त्याचं म्हणणं. घरी मात्र त्याची मर्दुमकी निराळी होती. डोकं फिरलं की बायकोची बोटं दाराच्या फटीत धरायचा आणि दार लोटायचा. तिची दोन बोटं कायमची वाकडी झाली होती. माहेरी ती सांगायची, "माझाच वेंधळेपणा."

लग्नाआधी ती दोरांच्या कारखान्यात तपासणीला होती. नायलॉन ताणला जातो, पॉलिएस्टर वर्षानुवर्षं ऊन सोसतो, हे तिला पाठ होतं. हा स्वस्तातला निळा दोर होता पॉलिप्रॉपिलीनचा. तो पाण्याला भीत नाही, पण ऊन त्याला खाऊन टाकतं. दिसतो धडधाकट आणि भार पडला की काडकन तुटतो. त्याच्यावर धरणारी पांढरी भुकटी ती ओल्या फडक्याने पुसून काढायची.

"रंग का उडाला गं याचा?" नवऱ्याने एकदा विचारलं होतं.

"धुतला," ती म्हणाली होती.

आज ती निरोपाची वाट पाहत होती. वाईट अजिबात वाटत नव्हतं. उलट फार दिवसांनी कडकडून भूक लागली होती.

दुपारी दार वाजलं. चेहरा रडवेला करून तिने दार उघडलं. समोर नवराच उभा, दात काढून हसत.

"अगं, मुकादम झालो मी! आता लटकणं बंद. माझ्या जागी तुझ्या भावालाच लावून टाकलं, घरी रिकामाच बसला होता ना. माझाच दोर दिलाय त्याला. दहाव्या मजल्यावर गेलासुद्धा."

"दुसरा दोर... दुसरा दोर बांधलाय ना त्यानं?"

"सांगितलं मी, मुकादम आहे म्हटल्यावर सांगावंच लागतं," नवरा बूट काढत म्हणाला. "पण ऐकतोय कुठे! म्हणतो, दाजी, हा दोर माझ्या ताईनं सांभाळलाय."