कोरड्या जागेतलं पाणी

आजच्या टेस्टची तिसरी सळीही ओढताच तुटली. दत्तोबा चौगुल्यांनी तिचं तुटलेलं तोंड कॅमेऱ्यासमोर धरलं. आत सुईच्या टोकाएवढी भोकंच भोकं होती. चंद्रावरच्या त्या फाउंड्रीत दत्तोबा एकटेच होते. या ॲल्युमिनियमचे खांब पास झाले, तरच शेजारी दुसरी खोली उभी राहणार होती आणि तिच्यात राहायला दुसरा माणूस येणार होता.

अडीच सेकंदांनी पृथ्वीवरून, शिरोलीच्या कारखान्यातून, इंजिनिअर मृणालचा आवाज आला. “काका, धातूच्या रसात हायड्रोजन शिरलाय. म्हणजे कुठूनतरी पाणी येतंय.”

“अगं, इथं पाणी असतं तर मी म्हैस पाळली असती.”

“थट्टा पुरे. मूस कोरडी आहे? साचा?”

“खडखडीत.”

“मग भट्टीजवळ ओलं काय नेता?”

दत्तोबा जरा घुटमळले. “चहा. आमचा जुना मिस्त्री पहिला घोट भट्टीच्या काठावर शिंपडायचा. मी जरा जास्त देतो. अर्धा कप.”

“अर्धा?”

“एकट्यानं प्यायला बरं वाटत नाही गं.”

“काका, सहा महिने सळ्या नापास होतायत. या चहापायीच तुमचा जोडीदार तिकडं यायचा राहिलाय.”

दुसऱ्या दिवशी भट्टीला चहा मिळाला नाही आणि सळी पास झाली. खोली उभी राहायला अजून आठ महिने होते. दत्तोबांनी कप भरला आणि भट्टीकडं पाठ करून सगळा चहा एकट्यानं संपवला.