सुभेदारांच्या गाडीतला आवाज

"पायडल दाबलं की रडतीया," सुभेदार भाऊसो म्हणाले. "बारीक. डास कानाशी आल्यागत. मिरजंला निघालोय, म्हनलं जाताजाता तुमास्नी दावावी. तुमी ऐकाच."

रसूल मिस्त्रीने हात पुसले. 'ऐका' या शब्दाला तो भितो, हे उंब्रजात एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

हमरस्त्यावरच्या त्या गॅरेजची सगळी पत रसूलच्या कानावर उभी होती. एके काळी मागून ट्रक गेला तरी मान न वळवता तो त्याचं दुखणं सांगायचा. वर्षभरापासून बारीक आवाज बंद झाले होते. माणसांचं बोलणं कळायचं. चिमण्या मात्र नुसत्या चोची उघडायच्या.

समोरच्या गॅरेजातला धुळा बशीतला चहा फुंकत ओरडला, "रसूलभाई, येतंय का न्हाई ऐकू?"

"तुजं घोरणं बी येतंय रं हितनं!"

लोक हसले. पण धुळाला संशय होता, आणि धुळाचा संशय दिवस मावळायच्या आत कराडला पोचायचा.

ॲम्बॅसडर जुनी, पण निगुतीनं ठेवलेली. मागच्या सीटवर सुभेदारांच्या मंडळी तानुबाई, मांडीवर गाठोडं घेऊन बसलेल्या.

"द्या रेस," बॉनेट उघडून रसूल म्हणाला, आणि इंजिनाकडं न बघता बाजूनं वाकून त्याने सुभेदारांचं तोंड न्याहाळलं. कानांनी दगा दिल्यापासून ही विद्या त्याने कमावली होती. गिऱ्हाइकाला आवाज आला की तो आधी गिऱ्हाइकाच्या तोंडावर दिसतो. सुभेदारांचे डोळे बारीक झाले, जबडा आवळला.

"हां, आला!"

"आला?" सुभेदार चमकलेच.

रसूलने फॅनबेल्ट उतरवला. पुन्हा रेस, पुन्हा जबडा. म्हणजे त्या बेल्टवर फिरणारा डायनॅमो नव्हे. बेल्ट चढवून तो शेजारी बसला आणि गाडी रस्त्याला काढायला लावली. जबडा आवळला की "आला", सैल झाला की "गेला". एकदाही चुकला नाही.

"साताऱ्यात तिघांला दावली," सुभेदार वळून त्याच्याकडं बघत म्हणाले. "एकाला बी ऐकू आला न्हाई."

"त्यांचं कान आन् रसूलचा कान एक व्हय?"

"मिस्त्रीभाऊ," मागून तानुबाई पहिल्यांदाच बोलल्या, "खरंच येतोय तुमास्नी? मला तर येत न्हाई वं. माज्या गळ्याची आण, खरं सांगा."

रसूलला राग आला. हिला धुळानं पढवलं की काय?

"वैनी, हयात गेली माजी ह्यात. गिअरबॉक्सचं बेरिंग हाय. तान्ह्या पोरागत रडतंय."

तानुबाईंनी डोळ्यांना पदर लावला. दुरुस्तीचं नाव काढलं की घरची माणसं हळवी होतात, हे रसूलला नवं नव्हतं. "घाबरू नगा. मामुली काम हाय."

गाडी गॅरेजात परत आली तेव्हा धुळा रस्ता ओलांडून हजरच होता. सुभेदार खाली उतरले आणि चारचौघांत त्यांनी रसूलला मिठी मारली. धुळाचं तोंड पडलं. रसूलला वर्षभरात एवढं हलकं वाटलं नव्हतं.

"गाडी राहू द्या हितं," तो रुबाबात म्हणाला. "मिरजंची यस्टी आत्ता यील."

"मिरज कशाला आता?" सुभेदार पोरासारखे हसले. "तिथला डागदर म्हनतोय, आवाज गाडीत न्हाई, तुमच्या डोक्यात हाय. गाठ झालीया म्हनं, जिवावर बेतायच्या आत काढू. आज भरती व्हायचं हुतं. मी हिला बोललो, वाटंत एका जरी मिस्त्रीला आवाज आला, तर म्या जायाचा न्हाई!"

रसूलने तानुबाईंकडं पाहिलं. त्या त्याच्याच तोंडाकडं बघत होत्या. मग त्याने धुळाकडं पाहिलं.

"घरला जायाची साताऱ्याची यस्टी पल्याडच्या अंगाला थांबती, सुभेदार," तो म्हणाला.