ऐकतंय कोण?

"प्रेक्षागृहात एक जरी माणूस कानाला यंत्र लावून बसलेला दिसला ना, तर माझं नाव बदला," व्यवस्थापक म्हणाले. तिसरी घंटा व्हायची होती.

"आज ताई येणार आहे माझी. मैत्रिणींना घेऊन," ती म्हणाली.

"आल्या तर आनंदच आहे हो. नाही आल्या, तर उद्यापासून ही खोली गोदाम. जुने पडदे ठेवायला जागा कुठाय मला?"

ही खोली म्हणजे शेवटच्या रांगेमागचा काचेचा खुराडा. त्यात बसून ती रंगमंचावर जे घडे ते हळू आवाजात माइकवर सांगायची, दोन संवादांच्या फटीत. ज्यांना दिसत नाही त्यांनी कानात छोटं यंत्र घालायचं आणि ऐकायचं. नाट्यगृहात तिला सगळे वर्णनबाई म्हणत. ताई जन्मांध. लहानपणी ही तिच्या कानात अख्खं नाटक कुजबुजायची आणि मागचे लोक डाफरायचे. मोठेपणी त्याच कुजबुजण्याची नोकरी झाली, याचं दोघींना फार हसू यायचं.

नाट्यगृहाने सोयीची जाहिरात अगदी दणक्यात केली होती. दारातच भला मोठा छापील फलक: 'दृष्टिहीनांसाठी खास सोय'. तो वाचून अजून एकही दृष्टिहीन आत आला नव्हता. व्यवस्थापकांना याचं मनापासून नवल वाटे.

सोय इतके महिने टिकली ती अण्णांमुळे. अण्णा म्हणजे नाटकाचे नायक. त्यांनी ठणकावून सांगितलं होतं, "वर्णन बंद, तर मीही बंद." एवढ्या मोठ्या नटाला अशा बारक्या गोष्टीचा कळवळा, म्हणून वर्तमानपत्रांनी त्यांचं कौतुक केलं. एरवी माणूस महागर्विष्ठ. समोरून कोणी ओळखीचं हसलं तरी सरळ निघून जायचे. खुद्द व्यवस्थापकांनाही दोनदा ओलांडून गेले होते.

वर्णनबाईशी मात्र गोड बोलायचे. आजही मेकअपच्या खोलीबाहेर तिचा आवाज ऐकून थांबले.

"कोण, बाई का? काल खुर्ची सरकवलेली जरा उशिरा सांगितलीत हं."

"चुकलंच अण्णा. पण ऐकतंय कोण?"

"असतं हो कोणीतरी. तुम्ही आपलं आधी सांगत चला. बिचाऱ्याला अंदाज यायला हवा."

पडदा उघडला. नाटक एका म्हाताऱ्या कप्तानाचं. जहाज गेलं, घर उरलं, घरात एक मुलगी. कान झाकून मानेवर रुळणारा केसांचा टोप चढवून, मुलीच्या खांद्यावर हात ठेवून अण्णा घरभर फिरले की बायका डोळे पुसत. समीक्षकांनी लिहिलं होतं, अलीकडे अण्णांची नजर प्रेक्षकांच्या पार पलीकडे लागलेली असते. असा अभिनय होणे नाही.

ती बोलत होती आणि रांगांमधून ताईचं डोकं शोधत होती.

मध्यंतरात फोन आला.

"अगं, आम्ही घरी पोचतोय," ताई म्हणाली. "तुझा दारवान म्हणाला, काठ्या आत न्यायच्या नाहीत. बाहेर ठेवा आणि जा."

"काय? मग मला बोलवायचं ना!"

"तू काचेत कोंडलेली, फोन बंद. मी म्हटलं त्याला, बाबा रे, काठी ठेवते, तू येतोस का माझ्यापुढे टकटक करत? तर म्हणाला, नियम आहे." ताई हसली, पण नेहमीसारखी नाही. "जाऊ दे. तू नाटक सांग नीट. कोणासाठी तरी सांग."

ती तडक व्यवस्थापकांकडे गेली. ते यंत्रांची पेटी आवरत होते.

"काठी म्हणजे काय शस्त्र वाटलं तुम्हाला?"

"लांब दांड्याची वस्तू नको, एवढाच नियम आहे. छत्र्यांसाठी केला होता. त्यात मी काय करणार?" त्यांनी पेटी लावली. "हे बघा, सगळी जागेवर. एक तेवढं गेल्या हंगामात कोणी लंपास केलं. ह्याच्यावरही डोळा लोकांचा! बरं, आता निघालात तरी चालेल."

ती निघाली नाही. परत काचेत जाऊन बसली. ताईने सांगितलं होतं, नीट सांग.

शेवटचा अंक. मुलगी घर सोडून गेलेली. रंगमंचावर एक उंच जिना, आणि वर कप्तान एकटा.

"कप्तान जिन्याच्या टोकाशी," ती माइकवर म्हणाली. "डावा हात कठड्यावर. पहिली पायरी. दुसरी. पायऱ्या आता अरुंद होताहेत."

अण्णा उतरत होते, तोल सावरत, रुबाबात.

मागचं दार उघडलं. व्यवस्थापकांनी डोकं आत घातलं. "अहो, अजून चालूच? भिंतीला सांगताय का नाटक?"

तिला भरून आलं. ताई घरी. पुढे रांगांमागून रांगा डोळस माणसं. 'कठडा इथे संपतो' हे वाक्य तिच्या ओठावर होतं. ते तिने गिळलं आणि माइकचं बटण बंद केलं.

अण्णा थांबले.

एक पाय अधांतरी. हात कठड्याच्या टोकावरून निसटून हवेत चाचपडत राहिला. विंगेतून कोणीतरी त्यांचं वाक्य हळूच पुरवलं. त्यांनी ते घेतलं नाही. प्रेक्षकांत कोणीतरी "वा!" म्हणालं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

टाळ्या ओसरेपर्यंत अण्णा तसेच उभे होते. मग त्यांनी मान वर केली आणि काचेची खोली जिथे नव्हतीच, त्या बाजूला तोंड करून, कप्तानाच्या नव्हे तर स्वतःच्या आवाजात म्हणाले,

"बाई, गप्प का झालात? पुढे पायरी आहे का?"