अकरा गार कप

चिमणी फळ्यापुढच्या स्टुलावर चढली आणि चहाच्या मावशींनी हातातलं काम थांबवलं.

गणित विभागात चार वाजता चहा होई. ज्याच्याकडे नवी सिद्धता असेल त्याने ती चहा चालू असतानाच फळ्यावर मांडायची, अशी तिथली रीत होती. संशोधन करणारी ही पोर उंचीने एवढीशी, म्हणून तिचं नाव चिमणी. याच फळ्यावर ती दोनदा तोंडघशी पडली होती. तिसऱ्यांदाही तेच झालं तर पाच वर्षांचं काम गुंडाळून घरी जायचं, असं तिने ठरवलं होतं. हे ती सकाळी फक्त मावशींजवळ बोलली होती, त्यांच्याबरोबर कपबशा पुसता पुसता.

मावशींना गणितातलं ओ की ठो कळत नसे. त्या कपांकडे बघत. सिद्धता पोकळ निघाली की मंडळी लगेच चहा ओरपायला लागतात, हे त्यांनी वीस वर्षं पाहिलं होतं.

आज पाच मिनिटं झाली, दहा झाली. अकरा कपांतला एकही कोणी उचलला नाही. एकाचं बिस्कीट तर हातातच राहून गेलं.

"थांब जरा."

मोठे सर बोलले. निवृत्त होऊनही ते रोज चारच्या ठोक्याला हजर असत. पहिला कप त्यांचा, आणि तोही वाफाळताच लागे.

"सातवी ओळ. ज्याने भागतेयस, ते शून्य असलं तर?"

मागे दोन्ही वेळा इथेच घात झाला होता. सरांचा हात कपाच्या कानाकडे गेला. मावशींनी हातातलं फडकं पिळून काढलं.

"शून्य असलं तर, सर..." चिमणीने फळ्याकडे वळून पाहिलं. मग तिने स्टुलावरून खाली उडी मारली आणि फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात भराभर तीन ओळी लिहिल्या. "तर पुढचं काही लागतच नाही. उत्तर इथेच मिळतं!"

सरांनी त्या ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. कपाचा कान सोडून दिला.

"बरोबर आहे," ते पुटपुटले. मग जवळजवळ ओरडलेच, "अगं पोरी, बरोबर आहे!"

खोलीत एकच गलका उठला. कोणी टेबल बडवलं, कोणी चिमणीची पाठ. मावशींना हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही. त्या लगबगीने ताजा चहा घेऊन आल्या आणि नेहमीप्रमाणे पहिला कप सरांपुढे धरला.

सरांनी तो घेतला आणि चिमणीच्या खडूने माखलेल्या हातात दिला.

"अहो सर, आणि तुम्हाला?" मावशी म्हणाल्या.

सरांनी आपला मघाचा कप उचलला. साय धरलेला, पार गार झालेला तो चहा त्यांनी फळ्याकडे बघत, उभ्या उभ्या, शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला.